आरोग्य विम्याचा हप्ता आणि मतदाराचा कौल

आरोग्य विम्याचा वाढता हप्ता हा भारतात घरखर्चाचा विषय आहे. निवडणुकीचा विषय तो क्वचितच होतो. महागाईवर बोलताना प्रचारसभांत कांदा, गॅस, पेट्रोल यांची नावे घेतली जातात, विम्याच्या नूतनीकरणाचे नाव कोणी घेत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत बहुतेक मोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांत आरोग्य विम्याला ठळक जागा मिळाली. विम्यावरील कर संसदेच्या आवारात निदर्शनांचा विषय झाला आणि सव्वा वर्षाच्या आत वैयक्तिक पॉलिसींपुरता रद्दही झाला. म्हणजे हप्त्याची झळ राजकारणापर्यंत पोहोचते, पण सरळ वाटेने नाही. ती कोणत्या वाटेने जाते आणि वाटेत कुठे जिरते, याचा अभ्यास मध्य प्रदेशातील जबलपूरच्या संदर्भात विशेष सोयीचा आहे, कारण भारतातील आरोग्य-संरक्षणाचे जवळजवळ सर्व प्रकार या एका शहरात शेजारी शेजारी आढळतात.

हप्ता का वाढतो

विमा कंपनीचा हप्ता तीन गोष्टींवर ठरतो: पुढील वर्षी किती दावे येतील याचा अंदाज, कंपनीचा कारभारखर्च व एजंटांचे कमिशन, आणि नफा. यांपैकी पहिली बाब सर्वांत जड. रुग्णालयातील खाटेचे भाडे, तपासण्या, शस्त्रक्रियेतील उपकरणे आणि औषधे यांच्या किमती सर्वसाधारण महागाईपेक्षा वेगाने वाढल्या की पुढच्या फेरीत हप्ता वाढतो. कोविडच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत दाव्यांचा भार एकदम वाढला आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी दर नव्याने आखले.

दुसरे कारण वयाचे. पॉलिसीचा दर वयोगटाप्रमाणे असतो. विमाधारक एका वयोगटातून दुसऱ्यात गेला की त्या वर्षी हप्ता नेहमीपेक्षा मोठी उडी घेतो. हीच उडी साठीनंतर सर्वांत मोठी असते आणि त्याच सुमारास पगार थांबलेला असतो. तिसरे कारण निवडीचे. हप्ता महाग झाला की तरुण आणि निरोगी माणसे पॉलिसी सोडतात किंवा विम्याची रक्कम कमी करून घेतात. ज्यांना उपचारांची गरज आहे ते मात्र टिकून राहतात. त्यामुळे उरलेल्या गटाचा सरासरी खर्च वाढतो आणि हप्ता पुन्हा वाढतो.

चक्रवाढीचा हिशेब या ठिकाणी महत्त्वाचा आहे. २०,००० रुपयांचा हप्ता दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत गेला, तर पाच वर्षांत तो ४०,००० च्या पुढे जातो. त्याच काळात उत्पन्न वर्षाला ७ टक्क्यांनी वाढले, तर ते दीडपटसुद्धा होत नाही. वाढीचा खरा बोचरेपणा या तफावतीत आहे.

नियामकाने काही बंधने घातली आहेत. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०२४ मध्ये नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी, असा आदेश निघाला. हे उपाय पॉलिसीच्या अटी आणि हप्ता यांवर आहेत; हप्त्यामागच्या उपचारखर्चावर नाहीत.

खर्च कोणी उचलायचा: धोरणाचा प्रवास

सर्वसामान्य ग्राहकासाठी मेडिक्लेम पॉलिसी १९८६ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील चार सर्वसाधारण विमा कंपन्यांनी आणली. पुढे विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, पण हप्ता भरण्याची ऐपत असलेला वर्ग लहानच राहिला. गरिबांसाठी विम्याची वाट सरकारी तिजोरीतून निघाली. आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या सरकारने २००७ मध्ये आरोग्यश्री सुरू केली. २००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे संरक्षण आणि नोंदणीसाठी फक्त ३० रुपये, असे तिचे स्वरूप होते. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा आरंभ झाला. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये आणि सुमारे १०.७४ कोटी कुटुंबे, असे तिचे मूळ उद्दिष्ट होते. मध्य प्रदेशात ती ‘आयुष्मान भारत निरामयम्’ या नावाने राबवली जाते. येथे कंपनीला हप्ता देऊन विमा घेण्याऐवजी राज्याची यंत्रणा रुग्णालयांना ठरलेल्या पॅकेजप्रमाणे थेट पैसे देते. त्यामुळे कार्डधारकाच्या दृष्टीने हप्ता नावाची गोष्ट उरतच नाही. खर्च वाढला तर तो राज्याच्या अर्थसंकल्पात दिसतो, कुटुंबाच्या वहीत दिसत नाही.

या प्रवासाचा एकूण परिणाम राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत दिसतो. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून थेट केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. खासगी आरोग्य विम्याचा वाटा मात्र २०२१-२२ मध्ये ७.४ टक्केच होता. या दोन आकड्यांत राजकीय दृष्ट्या एक मोठी गोष्ट आहे: थेट खर्चाची झळ आजही विम्याच्या हप्त्यापेक्षा कितीतरी अधिक लोकांना बसते.

जबलपूरचे स्तर

जबलपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते. नव्या मध्य प्रदेशात राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खमरियाची आयुध निर्माणी, नंतरची व्हेईकल फॅक्टरी, वीज मंडळाचे मुख्यालय आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, अशा संस्थांनी शहराला नोकरदारांचे शहर केले. येथील मराठी कुटुंबेही मुख्यतः नोकरी, वकिली आणि शिक्षण यांच्या निमित्ताने स्थिरावली. आरोग्य-संरक्षणाच्या दृष्टीने या शहराच्या मतदारांचे पाच स्तर पाडता येतात.

पहिला स्तर केंद्रीय कर्मचारी आणि निवृत्तांचा. रेल्वेचे स्वतःचे मध्यवर्ती रुग्णालय आहे, आयुध निर्माणींची रुग्णालये आहेत आणि सीजीएचएस या केंद्र सरकारी आरोग्य योजनेची सोय आहे. या वर्गाला बाजारातील हप्त्याशी थेट देणेघेणे नाही. त्याची चिंता सोयीच्या टिकण्याविषयी आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हा पेन्शन आणि सेवाशर्तींबरोबरच वैद्यकीय सोयींचे काय होणार, हा प्रश्न संघटनांनी मांडला. आरोग्यखर्चाचीच ही भीती होती, पण राजकारणात ती ‘खासगीकरण’ या शीर्षकाखाली आली.

दुसरा स्तर राज्य कर्मचाऱ्यांचा. त्यांना उपचारखर्चाची प्रतिपूर्ती मिळते. आधी स्वतः पैसे भरा आणि मग बिलांमागे फिरा, ही त्यांची जुनी तक्रार. जानेवारी २०२० मध्ये कमलनाथ मंत्रिमंडळाने कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र विमा योजना मंजूर केली. मार्चमध्ये सरकार पडले आणि योजना कागदावर राहिली.

तिसरा स्तर आयुष्मान कार्डधारकांचा. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला शहर नुसते ‘मेडिकल’ म्हणते, आणि नोंदणीकृत खासगी रुग्णालये येथे मंडला, डिंडोरी, शिवनी, नरसिंहपूर, कटनी या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. कार्ड आहे की नाही, ते या रुग्णालयात चालते की नाही, हा या वर्गाचा प्रश्न आहे.

चौथा स्तर स्वतःच्या पैशाने पॉलिसी घेणाऱ्यांचा: व्यापारी, वकील, खासगी नोकरदार, निवृत्त बँक कर्मचारी. बँकांतील निवृत्तांचे उदाहरण बोलके आहे. २०१५ च्या द्विपक्षीय करारानंतर त्यांच्यासाठी समूह विमा आला, पण हप्ता निवृत्तांनी स्वतः भरायचा होता. तो काही वर्षांतच इतका वाढला की अनेकांनी विम्याची रक्कम कमी करून घेतली किंवा पॉलिसीच सोडली. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरची वाट धरणारी कुटुंबे याच वर्गात अधिक आहेत.

पाचवा स्तर ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने देशातील किमान ३० टक्के लोकसंख्या, म्हणजे सुमारे ४० कोटी माणसे, कोणत्याही आरोग्य-संरक्षणाविना असल्याचे नोंदवले. सरकारी योजनेसाठी ते पुरेसे गरीब नाहीत आणि हप्ता भरण्याइतके सुस्थित नाहीत. छोटा दुकानदार, कंत्राटी कामगार, शिकवणी घेणारा शिक्षक यांत मोडतात. हप्ता वाढला की चौथ्या स्तरातून माणसे घसरतात ती याच पाचव्या स्तरात.

हप्त्याची झळ एकवटत का नाही

एकाच शहरातील या पाच वर्गांना आरोग्यखर्चाची चिंता समान आहे, पण मागणी समान नाही. एकाला सोय टिकवायची आहे, दुसऱ्याला कॅशलेस हवे आहे, तिसऱ्याला कार्ड चालायला हवे आहे, चौथ्याला हप्ता उतरायला हवा आहे आणि पाचव्याला कुठेतरी नाव लागायला हवे आहे. मतांच्या हिशेबात ही विभागणी निर्णायक ठरते.

त्याशिवाय आणखी तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे वेळ. भारतात प्रत्येक पॉलिसीची नूतनीकरणाची तारीख वेगळी असते. कोणाची चैत्रात, कोणाची दिवाळीनंतर. गॅसचा दर वाढतो तो सर्वांसाठी एकाच दिवशी. विम्याचा हप्ता वाढतो तो ज्याचा त्याला, ज्याच्या त्याच्या तारखेला. दुसरे म्हणजे दोष कोणाचा हे ठरवण्याची अडचण. वाढीची सूचना कंपनीकडून येते, कंपनी रुग्णालयांच्या बिलांकडे बोट दाखवते, रुग्णालये उपकरणे, पगार आणि जागेच्या खर्चाकडे. या साखळीत सरकार शेवटी असते. मतदार ज्याला जबाबदार धरू शकत नाही, त्याला तो मतातून शिक्षा करत नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सुझान मेटलर यांनी २०११ च्या पुस्तकात सरकारी धोरणाचे जे भाग नागरिकाला दिसतच नाहीत, त्यांचे विवेचन केले. विम्याच्या हप्त्यावरील करसवलत हे त्यांतले ठळक उदाहरण. भारतातही आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील प्राप्तिकराची सवलत ही सरकारी मदतच आहे, पण ती मिळवणारा स्वतःला लाभार्थी समजत नाही. नव्या करप्रणालीत ती सवलत मिळत नाही, यावरूनही मोठा राजकीय वाद झाला नाही.

तिसरे कारण संघटनेचे. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार ज्याचा लाभ सर्वांना विखरून मिळतो, अशा मागणीसाठी फारसे कोणी संघटित होत नाही. लहान आणि घट्ट गट मात्र सहज संघटित होतात. पॉलिसीधारक विखुरलेले आहेत. रुग्णालये, डॉक्टर, विमा कर्मचारी आणि एजंट यांच्या संघटना आहेत. म्हणून विम्याविषयीचा आवाज उठतो तेव्हा तो बहुधा ग्राहकाच्या नव्हे तर या संघटनांच्या तोंडून उठतो.

लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या लोकसभा निवडणूकपूर्व पाहणीत मतदारांनी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा म्हणून बेरोजगारी (२७ टक्के) आणि महागाई (२३ टक्के) यांना वरचे स्थान दिले. आरोग्यखर्च स्वतंत्र मुद्दा म्हणून त्या वरच्या रांगेत नव्हता. तो महागाईच्या पोटात विरघळलेला होता.

कर: झळ राजकारणात आली ती वाट

हप्त्यातील एकच भाग असा होता ज्यावर सरकारचा शिक्का स्पष्ट होता, तो म्हणजे वस्तू व सेवा कर. १ जुलै २०१७ पासून आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के कर लागला. त्याआधी सेवाकर सुमारे १५ टक्के होता. २०,००० रुपयांच्या हप्त्यावर ३,६०० रुपये कर, हे पावतीवर वेगळ्या ओळीत छापून येई. हप्ता वाढेल तसा करही आपोआप वाढे. २०२३-२४ मध्ये आरोग्य विम्यावरील करातून सुमारे ८,२६३ कोटी रुपये जमा झाले.

या प्रश्नाला तोंड फुटले ते नागपुरातून. नागपूर विभागातील आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना निवेदन दिले. गडकरी यांनी २८ जुलै २०२४ च्या पत्राने अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्याकडे आयुर्विमा आणि वैद्यकीय विमा यांच्या हप्त्यांवरील कर मागे घेण्याची मागणी केली. लोकसभा निवडणुकीचा निकाल लागून दोन महिनेही झाले नव्हते आणि भाजपचे बहुमत हुकले होते. सत्तेतील मंत्र्याचेच पत्र हाती आल्यावर विरोधकांनी ६ ऑगस्टला संसदेच्या आवारात निदर्शने केली. ९ सप्टेंबरच्या जीएसटी परिषदेत हा विषय मंत्रिगटाकडे सोपवला गेला. बिहारचे उपमुख्यमंत्री सम्राट चौधरी त्याचे निमंत्रक होते. अखेर ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा पॉलिसी करमुक्त करण्याचा निर्णय झाला आणि तो २२ सप्टेंबरपासून लागू झाला.

या घटनाक्रमात हप्त्याच्या राजकारणाचा सगळा नमुना दिसतो. मागणी एका संघटित गटाने केली, ती लोकप्रतिनिधीमार्फत गेली, तिचे लक्ष्य सरकारने लावलेला कर होते, मूळ उपचारखर्च नव्हे. शिवाय लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. समूह विमा करमाफीबाहेर राहिला, त्यामुळे समूह पॉलिसीतील निवृत्त बँक कर्मचाऱ्याला तो मिळाला नाही. कंपन्यांना खर्चावर मिळणारी करवजावट बंद झाल्याने त्यांच्यावर आलेला भार कोणी सोसायचा, यावरून कमिशनची काटछाट झाली. करमाफीने हप्ता एकदाच उतरतो. वाढीचा वेग त्याने बदलत नाही.

मतपेटीची साक्ष

विम्याच्या आश्वासनाने मते मिळतात का, याची चाचणी मध्य प्रदेशात दोनदा झाली. २०१८ मध्ये आयुष्मान योजनेच्या आरंभानंतर सुमारे दोन महिन्यांनी, २८ नोव्हेंबरला, राज्यात मतदान झाले. भाजपला १०९ आणि काँग्रेसला ११४ जागा मिळाल्या. जबलपूर जिल्ह्यातील आठ जागा चार-चार अशा वाटल्या गेल्या. योजना नवी होती, कार्डे पुरती पोहोचलेली नव्हती आणि निवडणुकीवर शेतकरी कर्जमाफीचा प्रभाव होता. केवळ घोषित झालेले संरक्षण मतदाराच्या अनुभवाचा भाग झालेले नसते, एवढे यावरून दिसते.

२०२३ ची निवडणूक अधिक बोधक आहे आणि तिची सुरुवात जबलपूरमधूनच झाली. १० जून २०२३ रोजी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जबलपूरच्या गॅरिसन मैदानावरून लाडली बहना योजनेचा १,००० रुपयांचा पहिला हप्ता सुमारे सव्वा कोटी महिलांच्या खात्यांत पाठवला. दोनच दिवसांनी प्रियंका गांधी यांनी ग्वारीघाटावर नर्मदापूजन करून जबलपुरातच काँग्रेसच्या प्रचाराचा नारळ फोडला आणि महिलांना दरमहा १,५०० रुपये, ५०० रुपयांत गॅस सिलिंडर, १०० युनिट मोफत वीज, जुनी पेन्शन आणि कर्जमाफी अशा पाच हमी दिल्या. या यादीत आरोग्य विमा नव्हता. तो ऑक्टोबरमधील वचनपत्रात आला: २५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण. नोव्हेंबरच्या मतदानात भाजपने २३० पैकी १६३ जागा जिंकल्या आणि जबलपूर जिल्ह्यात आठपैकी सात.

शेजारच्या राजस्थानात तर आश्वासन नव्हे, प्रत्यक्ष योजना होती. अशोक गेहलोत सरकारची चिरंजीवी योजना मे २०२१ मध्ये सुरू झाली. गरिबांना ती मोफत होती, इतर कुटुंबांना वर्षाला ८५० रुपये भरून तीत येता येई. संरक्षण पाच लाखांवरून दहा आणि मग २५ लाखांवर नेले गेले. जाहीरनाम्यात ५० लाखांचे आश्वासन होते. तरी काँग्रेस ६९ जागांवर थांबली आणि भाजपने ११५ जिंकल्या. २०२४ मध्ये महाराष्ट्रात महाविकास आघाडीनेही २५ लाखांपर्यंतच्या विम्याची हमी दिली. लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यांत पोहोचवलेल्या महायुतीचे तीन मुख्य पक्ष मिळून २३० जागांवर गेले. तेलंगणात २०२३ मध्ये आरोग्यश्रीची मर्यादा दहा लाखांवर नेण्याचे वचन देणारी काँग्रेस मात्र जिंकली. पण तेथेही महिलांसाठी मासिक मदत आणि मोफत बसप्रवास या हमी पुढे होत्या.

निवडणुकीचा निकाल एका कारणाने ठरत नाही, त्यामुळे या उदाहरणांवरून विम्याने मते घालवली किंवा मिळवली असे म्हणता येत नाही. पण एक फरक सातत्याने दिसतो. थेट खात्यात येणारी रक्कम दरमहा प्रत्येकीला मिळते. विम्याचे संरक्षण सर्वांना असले तरी एका वर्षात त्याचा प्रत्यक्ष वापर थोड्याच कुटुंबांना करावा लागतो. पाच लाखांचे पंचवीस लाख झाल्याने फरक पडतो तो अत्यंत गंभीर आजार झालेल्या मोजक्या घरांना. इतरांसाठी तो आकडा असतो. २०२३ च्या मतदानावेळी लाडली बहनाचे मिळणारे १,२५० रुपये वर्षाला १५,००० होत आणि प्रत्येक महिन्याला सरकारची आठवण देत. याउलट कार्ड नाकारले गेल्याचा अनुभव मात्र दीर्घकाळ टिकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जबलपुरात एका खासगी रुग्णालयाच्या आयुष्मान रुग्णांना शेजारच्या हॉटेलात दाखल करून ठेवल्याचे छाप्यात उघड झाले. अशा गैरव्यवहारांनंतर तपासणी कडक होते, पैसे अडकतात आणि रुग्णालये योजनेकडे पाठ फिरवतात; कार्ड हातात असूनही उपचार मिळत नाहीत.

विम्याच्या राजकारणात वयाला वेगळे स्थान आहे. एप्रिल २०२४ च्या जाहीरनाम्यात भाजपने ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मानमध्ये घेण्याचे वचन दिले आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वय वंदना कार्डाने ते अमलात आले. सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठांसाठी ही तरतूद होती. खासगी पॉलिसी असणाऱ्यालाही हे कार्ड मिळते. हप्ता सर्वांत जड होतो त्याच वयात सरकारने हात दिला, त्यामुळे चौथ्या स्तरातील मध्यमवर्ग पहिल्यांदाच मोठ्या संख्येने सरकारी आरोग्य विम्याचा लाभार्थी झाला. निवृत्तीपासून सत्तरीपर्यंतची दहा वर्षे मात्र तशीच उघडी राहिली.

इतर देशांतील अनुभव

हप्ता सर्वांना एकाच वेळी आणि स्पष्ट दिसला, तर मतदार कसा वागतो, याचे उत्तर अमेरिका आणि स्वित्झर्लंड देतात. अमेरिकेत १९९१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील सिनेटची पोटनिवडणूक हॅरिस वॉफर्ड यांनी आरोग्य विम्याचा प्रश्न पुढे करून जिंकली. २०१० च्या आरोग्य कायद्यानंतर त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातील ६३ जागा गमावल्या. आठ वर्षांनी तोच कायदा वाचवण्याच्या मुद्द्यावर प्रचार करून त्यांनी सुमारे ४० जागा परत मिळवल्या आणि मतदानोत्तर पाहणीत ४१ टक्के मतदारांनी आरोग्यसेवा हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगितला. तेथील सरकारी विमाबाजारात नोंदणी १ नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते आणि मतदान त्याच महिन्याच्या सुरुवातीला असते. ऑक्टोबर २०१६ मध्ये पुढील वर्षाचे प्रमाण हप्ते केंद्रीय बाजारातील राज्यांत सरासरी २५ टक्क्यांनी वाढणार असे जाहीर झाले, ते मतदानाच्या दोनच आठवडे आधी. नोकरीमार्फत मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २०२४ मध्ये २५,५७२ डॉलर होता.  २०२५ च्या शरद ऋतूत विमा-अनुदानांच्या मुदतवाढीवरून अमेरिकी केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प झाले.

स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि पुढील वर्षाचे हप्ते सरकार दर सप्टेंबरात जाहीर करते. सप्टेंबर २०२३ मध्ये सरासरी ८.७ टक्के वाढ जाहीर झाली. त्यानंतर ९ जून २०२४ रोजी, कोणत्याही कुटुंबाचा हप्ता उत्पन्नाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, या प्रस्तावावर सार्वमत झाले. हप्त्याविषयी देशभर नाराजी असूनही सुमारे ५५.५ टक्के मतदारांनी तो फेटाळला. कारण फरकाची रक्कम करांतूनच येणार होती. हप्ता डोळ्यांसमोर आला म्हणजे मतदार आपोआप स्वस्ताईच्या बाजूने जातो असे नाही. पैसा कुठून येणार, हेही तो पाहतो.

वाटेतील अडथळा

भारतात हप्ता हा मतदानाचा मुद्दा होण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतील: हप्ता भरणाऱ्यांची संख्या आणि संघटना वाढणे, वाढीला जबाबदार कोण हे ठरवता येणे आणि वाढ एकाच वेळी सर्वांना दिसणे. पहिली गोष्ट हळूहळू घडते आहे. दुसरी अद्याप दूर आहे, कारण ती रुग्णालयांच्या दरांवर अवलंबून आहे आणि दरांचे नियमन हा सर्व पक्षांनी टाळलेला भाग आहे. मध्य प्रदेशात खासगी रुग्णालयांच्या नोंदणीसाठी १९७३ पासून कायदा आहे; नोंदणी आणि परवाना हा त्याचा मुख्य विषय आहे, उपचारांचे दर हा नव्हे. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्क कायदा केला, तेव्हा खासगी डॉक्टरांचा संप होऊन सरकारला तडजोड करावी लागली. कार्ड वाटण्यात संघटित विरोधक नसतो. दर ठरवण्यात तो असतो.

त्यामुळे आतापर्यंत पक्षांनी सोपी वाट निवडली: संरक्षणाचा आकडा वाढवणे, वय किंवा उत्पन्नाचा एक नवा गट योजनेत घेणे, करात सूट देणे. या प्रत्येक पावलाने काही मतदारांची झळ कमी झाली आणि त्याचबरोबर हप्त्याविरुद्ध एकत्र येऊ शकणाऱ्यांची संख्याही घटली. सत्तरीपुढचा निवृत्त कार्डाखाली गेला, तरुण करमाफीने काही काळ शांत झाला, आयुध निर्माणीतील कामगार आपल्या सेवाशर्तींसाठी लढतो आहे. उरतो तो पन्नास ते सत्तर या वयातील, समूह किंवा वैयक्तिक पॉलिसी स्वतःच्या पैशाने चालवणारा मतदार आणि त्याच्या खालचा, कोणतेच संरक्षण नसलेला मोठा वर्ग. या दोघांचा प्रश्न विम्याच्या रकमेने सुटत नाही. उपचाराचा दर आणि सरकारी रुग्णालयाची क्षमता यांच्याशी तो बांधलेला आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. जबलपूरच्या ‘मेडिकल’मध्ये आणि व्हिक्टोरिया या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा रुग्णालयात विनामूल्य आणि वेळेवर मिळणारा उपचार जितका वाढेल, तितका खासगी दरांवर आणि त्यांच्यामार्फत हप्त्यावर दाब येईल. हप्त्याची झळ मतदाराने या प्रश्नाशी जोडली, तर ती निवडणुकीचा मुद्दा होऊ शकते; तोवर ती पाच स्तरांत वाटलेली राहील आणि प्रत्येक पक्ष त्यांपैकी आपल्याला सोयीचा स्तर निवडत राहील.